वळणावरचा खांब

आमच्या मोटरसायकल क्लबच्या ग्रुपवर परवा एक निरोप आला. 'आपल्या सर्वांचे लाडके मामा यांनी वयोमानानुसार रविवारच्या राइडमधून स्वेच्छेने निवृत्ती घेतली आहे. त्यांना निरोगी आयुष्याच्या शुभेच्छा.' खाली चाळीस जणांनी फुलांचे गुच्छ टाकले, हात जोडले, एकाने तर चुकून वाढदिवसाचा केक टाकला. स्वेच्छेने! तो शब्द वाचला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते इतकं लांबत गेलं की म्हटलं, नीटच लिहून काढू.

मामा क्लबचा नंतर, आधी माझा. माझ्या आईचा धाकटा भाऊ. त्याने लग्न केलं नाही, आमच्याच घराच्या वरच्या खोलीत राहतो. खोलीत एक खाट, एक टेबल आणि बाकी सगळी हत्यारं. पाने मापाप्रमाणे भिंतीवर टांगलेले, आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने त्याचीच आकृती काढलेली, म्हणजे एखादा जागेवर नसला तर लगेच कळावं. आई म्हणते, "याला बायको मिळाली असती तर तिचीही आकृती काढून ठेवली असती भिंतीवर."

पस्तीस वर्षं त्याने लिफ्ट दुरुस्त केल्या. इस्पितळातल्या, बँकांतल्या, सात-सात मजली इमारतींतल्या. लिफ्ट अडकली की लोक आधी घाबरतात, मग ओरडतात, मग आतल्या आत भांडायला लागतात. मामाचं म्हणणं असं, की अशा वेळी पहिलं काम मोटरचं नाही, माणसाचं. तो दाराच्या फटीला तोंड लावून बोलत राहायचा. "मी इथेच आहे. कुठेही जात नाही." मोटरकडे वर जायची वेळ आली तर दाराशी दुसऱ्या कुणाला तरी उभं करून जायचा, पण दार मोकळं सोडायचा नाही. एकदा एका बाईला दोन तास बाहेरून कोडी घातली होती म्हणे त्याने. बाहेर आल्यावर ती म्हणाली, शेवटच्या कोड्याचं उत्तर सांगा, मगच घरी जाते.

असा माणूस मोटरसायकल क्लबात शेवटाला चालला, यात नवल नाही. शेवट म्हणजे काय ते सांगते. दर रविवारी आम्ही वीस-बावीस गाड्या निघतो, शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या एखाद्या हॉटेलात जेवतो आणि परततो. सगळ्यात पुढे कॅप्टन, सगळ्यात मागे नारिंगी जाकीट घातलेला एक जण. तो शेवट. वाटेत वळण आलं की कॅप्टनच्या लगेच मागचा गाडीवाला तिथे थांबतो आणि हाताने दिशा दाखवत उभा राहतो. त्याला आम्ही खांब म्हणतो. सगळे त्याच्यासमोरून वळतात, नारिंगी जाकीट दिसलं की खांब सुटतो आणि शेवटाच्या पुढे लागतो. त्यामुळे रस्ता माहीत नसलेलाही चुकत नाही आणि कुणाला मागे वळून बघावं लागत नाही. नियम तीनच. खांबाने हलायचं नाही. शेवटाने कुणाला ओलांडायचं नाही. आणि जाकीट हॉटेलात शिरल्याशिवाय कुणी चमचा उचलायचा नाही.

एकोणीस वर्षं ते जाकीट मामाच्या अंगावर होतं. कुणाची केबल तुटली, कुणाचं पेट्रोल संपलं, कुणाला नुसतीच चक्कर आली, मामा त्याच्यापाशी थांबायचा. गाडी चालू करून द्यायचा, त्याला पुढे घालायचा आणि स्वतः मागे. कधी कधी या भानगडीत तास जायचा. मग आम्ही हॉटेलात पोटात कावळे ओरडत बसलेले असायचो आणि दारातून ते मळकं नारिंगी जाकीट आत आलं की टाळ्या वाजायच्या. मामा ओशाळून हात धुवायला पळायचा. मी क्लबात आले ती त्याच्यामुळेच. इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीमागे आठवडाभर बसून पाठीचा काटा ढिला झाला होता, तर म्हणाला, "चल, तुला वारा दाखवतो." गाडी शिकवली त्यानेच.

मग आले नवे कॅप्टन. हे दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना आ करायला लावतात, त्यामुळे समोरचा माणूस उलट बोलू शकतो हे यांच्या लक्षातच राहिलेलं नाही. त्यांना सगळं वेळेवर हवं. बाराला हॉटेल, सव्वाबाराला सूप. लागोपाठ तीन रविवार जेवायला दोन वाजले, तेव्हा यांनी पेट्रोल पंपावर, सगळ्यांसमोर, मामाच्या खांद्यावर हात ठेवला.

"मामा, तुम्ही खूप केलंत क्लबसाठी. आता मस्त पुढे चालवा, माझ्या मागे. शेवटाला जरा तरुण माणूस हवा."

तरुण माणूस म्हणजे यांचा जावई. महागडी गाडी, चार महिन्यांचा अनुभव, आरशात रस्ता कमी आणि स्वतःलाच जास्त बघणारा. जावयाला काय द्यावं हा प्रश्न सासऱ्यांनी माझ्या मामाच्या अंगावरचं काढून सोडवला. मामाने तिथेच जाकीट काढलं, खिशातली टायरची हवा मोजायची नळी तेवढी काढून घेतली, बाकी घडी घालून दिलं. वर त्या पोराला म्हणाला, "डावा खिसा उसवतो, जड काही ठेवू नकोस." एकाही माणसाने तोंड उघडलं नाही. माझी जीभ वळवळली, पण मामाने माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मी शहाण्यासारखी गप्प बसले. त्या शहाणपणाची आता लाज वाटते.

घरी आल्यावर आईने विचारलं, जाकीट कुठे आहे, धुवायला टाक. मामा म्हणाला, "दिलं एकाला. चांगलं पोरगं आहे. शिकेल." रात्री मात्र ताटात भात तसाच राहिला. जाकीट जाण्याचं दुःख असेल असं मला वाटलं. तसं नव्हतं. मागच्यांचं कोण बघणार, ही चिंता होती. तो मला म्हणाला, "पुढून चालवताना मला मागचं काही दिसत नाही गं."

दुसऱ्या रविवारी तो कॅप्टनच्या मागे होता. त्या दिवशी वाटेत वळण एकच, म्हणजे खांब व्हायची पाळी त्याची. एक बंद पडलेला फरशांचा कारखाना होता, त्याच्या कोपऱ्यावरून डावीकडे वळायचं होतं. सावलीला एक झाड नाही, बसायला दगड नाही. पावणेबाराच्या सुमारास मी तिथून वळले, तेव्हा मामा गाडीला टेकून हात लांब करून उभा होता. मी हॉर्न वाजवला. त्याने चल चल अशी खूण केली.

हॉटेलात पोचले, मामासाठी शेजारची खुर्ची अडवली. दहा मिनिटांनी जावईबापू आत आले, अंगात जाकीट. कॅप्टन म्हणाले, "जाकीट आलं! वाढा!" आणि बावीस गाड्यांवरच्या माणसांनी चमचे उचलले.

मीही.

इथे थांबून सांगते, कारण पुढे मी सगळ्यांना नावं ठेवणार आहे. आम्ही डोकी मोजली नाहीत. कधीच मोजली नव्हती. एकोणीस वर्षं जाकीट आलं म्हणजे सगळे आले, हे इतकं पक्कं होतं की मोजायचं असतं हेच आम्ही विसरलो होतो. ती सवय आम्हाला मामाने लावली होती. मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि मनात म्हटलं, बसला असेल बाहेर कुणाच्या तरी गाडीपाशी. मग सूप आलं. मग कोंबडी आली. मग आइस्क्रीम आलं, आणि ते मी दोनदा घेतलं.

अडीच वाजता फोटोसाठी रांग लागली तेव्हा कॅप्टन म्हणाले, "मामा कुठे आहेत?" कुणीतरी हसून म्हणालं, "असतील कुणाचं तरी चाक खोलून." मी पार्किंगमध्ये गेले. मामाची गाडी नव्हती. हेल्मेटच्या पिशवीतून फोन काढला तर मामाचे सात फोन येऊन गेलेले. मी लावला, तर त्याचा बंद.

मी जावयासमोर जाऊन उभी राहिले. "कारखान्याच्या वळणावरून तुम्ही किती वाजता आलात?"

"कुठलं वळण?"

"जिथे मामा उभा होता."

"अच्छा, तिकडून नाही आलो मी. रेल्वेचं फाटक पडलं, मी एकटाच मागे राहिलो. मोबाइलवर दुसरा रस्ता दाखवत होता. भारी रस्ता आहे, एकदम रिकामा."

तेवढ्यात कॅप्टन आले, त्यांना कुणीतरी सांगितलं असावं.

"अहो, पण मग निघून यायचं ना त्यांनी. अर्धा तास वाट बघायची, नाही आलं कुणी तर यायचं. तीन तास कुणी उभं राहतं का? माणसाने डोकं वापरावं."

"डॉक्टर, खांबाने हलायचं नाही हा नियम तुमच्या क्लबाच्या कार्डावर छापलाय. वर तुमची सही आहे."

"नियम आहेच, पण काही तारतम्य?"

"तारतम्य तुमच्या जावयाला विचारा. जाकीट घालून फिरायला गेले होते ते."

"तुम्ही शांत व्हा बघू," म्हणाले. मी मामाला आणायला जायला हेल्मेट उचललं, तसे बाकीच्यांकडे वळून, हसत, "यांच्याबरोबर ते जाकीटही पाठवा रे, नाहीतर मामा यायचे नाहीत." आणि लोक हसले. मी एकेकाचं तोंड बघून ठेवलं. यातल्या नऊ जणांच्या गाड्या मामाने रस्त्याकडेला मांडी ठोकून चालू करून दिल्या होत्या. एकाला तर पाठीवर टाकून दवाखान्यात नेलं होतं, आणि तोच सगळ्यात मोठ्याने हसत होता. जाकीट मी नेलं नाही. हात लावावासा वाटला नाही मला त्याला.

अठरा किलोमीटर मी कशी गेले ते माहीत नाही. हेल्मेटच्या आत मोठ्याने शिव्या देत होते, आधी कॅप्टनना, मग जावयाला, मग स्वतःला.

कारखाना दिसला. मामा तिथेच होता. गाडीच्या एवढ्याशा सावलीत पाय ओढून बसला होता, तोंड रापून लाल झालेलं, ओठ पांढरे. दुरून गाडीचा आवाज येताच धडपडत उठला आणि हात लांब केला. मी उलट्या बाजूने येतेय हे कळल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"कोण पडलं?" त्याने विचारलं. "पोरगं ना? मला वाटलंच. दोन ट्रकवाल्यांना थांबवून विचारलं, नारिंगी जाकीट दिसलं का कुठे खड्ड्याबिड्ड्यात. नाही म्हणाले. जाऊन बघणार होतो, पण मी हललो आणि तेवढ्यात ते आलं तर? त्याला वळण कोण दाखवणार? नवीन आहे ते. जास्त लागलंय का?"

तीन तास हा माणूस उन्हात उभा राहून त्या पोराच्या हाडांची काळजी करत होता. तेव्हा ते पोरगं माझ्या समोरच्या टेबलावर आइस्क्रीममधली फळं वेचून बाजूला काढत होतं.

"कुणाला काही झालेलं नाही, मामा. तो दुसऱ्या रस्त्याने आला. केव्हाच आला."

"म्हणजे सगळे पोचले?"

"सगळे."

मामाने लांब केलेला हात खाली घेतला. दुसऱ्या हाताने खांदा चोळला. मला वाटलं आता भडकेल. मला तेच हवं होतं. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मी चौपट घातल्या असत्या. पण तो नुसता रस्त्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि लहानपणापासून मला भेटल्यावर पहिलं जे विचारतो, तेच विचारलं.

"जेवलीस का गं?"

त्याच्याशी मी खोटं बोलू शकले असते. याआधी बोललेही आहे, छोट्या-मोठ्या गोष्टींत.

"जेवले," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. पाण्याची रिकामी बाटली पिशवीत घातली, हेल्मेटचा पट्टा लावला, दोन-तीन किका मारून गाडी चालू केली. हॉटेल डावीकडे होतं. त्याने गाडी घराच्या दिशेने वळवली आणि क्लच धरून क्षणभर थांबला.

"त्यांचं जाऊ दे," तो समोर बघत म्हणाला. "तू तरी मोजायचंस."