तोरणमाळच्या लाटा

समुद्राच्या लाटांचा अभ्यास करायला मी सातपुड्यात गेले, हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग नकाशाकडे बघतात. दोष माझा नाही. आमच्या पुण्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या वर्गात मी एकटी मुलगी. दिवाळीच्या सुट्टीत मुलं प्रोफेसरांबरोबर कोकण किनाऱ्यावर लाटा मोजायला निघाली, आणि मुलीला तंबूत कसं न्यायचं, या प्रश्नावर माझं नाव गळलं.

"तुम्ही वनस्पतिशास्त्र घ्या. बायकांना सोपं जातं," प्रोफेसर म्हणाले.

"मी लाटाच मोजून आणते."

"आणल्यात तर वर्गात राहा," ते हसले. मला काही हसू आलं नाही.

उथळ पाण्यात शिरली की लाट मंदावते, हे पुस्तकात होतं. मला ते मोजून दाखवायचं होतं. त्याला खारंच पाणी कशाला हवं? एका बाजूचा वारा आणि हळूहळू वर चढत येणारा तळ असला की झालं. असं पाणी मला एकच ठाऊक होतं, माझ्या आजोळच्या डोक्यावरचं, तोरणमाळच्या पठारावरचा तलाव.

नंदुरबारला गाडीतून उतरले, प्रकाशा गावापाशी तापी नावेतून ओलांडली. नावेत केळीचे घड, दोन बैल आणि मी. बैलांनी वाटभर माझ्या ट्रंकेवर हनुवटी टेकवली होती. लोणखेड्याला मामांकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा खाल्ला, तेव्हा पुण्याचा राग थोडा उतरला. मामा मात्र चिंतेत.

"समुद्र सोडीसन डोंगरवर कसाले (कशाला) चालनी, पोरी?"

"तिथे पाणी आहे ना, मामा."

"पानी ते मन्हा (माझ्या) विहिरमा बी शे (आहे)," मामा म्हणाले, आणि गाडी जुंपायला उठले.

पायथ्याला गाडी सोडून आम्ही पायवाटेने चढलो. अर्ध्या चढावर मामांच्या वहाणेचा अंगठा तुटला. उरलेला डोंगर ते एका पायात वहाण आणि तोंडात माझं नाव घेऊन चढले. वर पोहोचलो तर सीताफळांचा वास, मोकळं पठार आणि मधोमध तलाव. पाण्यावर सुरकुती नाही. दुपार कलली तसा वारा सुटला आणि पलीकडच्या काठावरून लाटांमागून लाटा निघाल्या. मी तिथेच फतकल मारून बसले आणि पोटभर बघितल्या.

आता माणसं हवी होती. कमरेइतक्या पाण्यापासून काठापर्यंत सारख्या अंतरावर बांबू धरून उभं राहायचं, लाटेचा माथा बांबूला लागला की ओरडायचं. कॉलेजची घड्याळं मुलांबरोबर समुद्रावर गेलेली, म्हणून मी दोरीला दगड बांधून लंबक केला होता. नजर त्याच्या झोक्यांवर ठेवायची, म्हणून कानाला खूण हवी. मी पाड्यावर मजुरी देते म्हणून सांगून आले. दुसऱ्या दिवशी एकही माणूस आला नाही.

आम्ही जिच्या ओसरीवर उतरलो होतो, ती रुमलीबाई घरी पावरी बोले, आमच्याशी बाजारातली अहिराणी. तिला माझी कीव आली असावी.

"पैसा नही. लाह बलाव (बोलाव). सगळा येतीन."

लाह म्हणजे एकाच्या कामाला सगळ्यांनी जायचं, त्याच्याकडे जेवायचं, आणि पुढे ज्याचं काम निघेल तिथे त्यानेही राबायचं. मी घरोघर जाऊन लाह बोलावली. मक्याच्या भाकरी थापल्या, उडदाची डाळ शिजवली, मामांनी गूळ फोडला. जेवून सगळी रांग हसत पाण्यात उतरली.

पहिल्या बांबूला लाट लागली. तिथला म्हातारा ओरडला, आणि सगळी रांग एका सुरात ओरडली. लाहेत एकाने हाक दिली की बाकीच्यांनी साथ द्यायची, ही त्यांची रीत. पुन्हा समजावलं. पुन्हा तेच. दुसऱ्या बांबूला लाट कधी लागली, तिसऱ्याला कधी, काही कळेना. वारा पडायला आला.

"पोरी, चाल घर," मामा हळूच म्हणाले.

मला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. कापणीला लावतात तो सूर त्यांनी पाण्यातच धरला होता. एकाची हाक, सगळ्यांची साथ, हाक, साथ. मी लंबकाचे झोके त्या सुराशी ताडून पाहिले. ठेका जरा हलेल तर शपथ. विळे त्याच्यावर चालतात, तो हलेल कसा?

"गात राहा," मी म्हटलं. "थांबू नका."

लंबक खाली टाकून मी पाण्यात शिरले. आता कान ठेक्यावर आणि डोळे लाटेवर. खोल पाण्यात दोन बांबूंमधलं अंतर लाट झपकन ओलांडे. गुडघाभर पाण्यात तेवढ्याच अंतराला जास्त ठेके लागत, घोटाभर पाण्यात त्याहून जास्त. प्रत्येक लाटेला तेच. वारा पडेपर्यंत मी मोजत राहिले. आयुष्यात इतका आनंद मला कशानेच झाला नव्हता.

सकाळी निघायचं, तर रुमलीबाईच्या ज्वारीची लाह निघाली. थांबले तर कॉलेज उघडायच्या दिवशी पुण्यात पोहोचत नव्हते.

"मी गडी धाडसू (पाठवीन)," मामा म्हणाले.

"पाण्यात तुमचा गडी उभा होता का?"

दिवसभर कापलं. माझी साथ नेहमी अर्धा ठेका उशिरा पडायची आणि बायका हसून बेजार. संध्याकाळी दोन्ही तळहात फोडांनी भरले होते.

वर्गात मी उशिराच उगवले. मुलांच्या समुद्राच्या लाटा चहूकडून येऊन एकमेकींत गुंतल्या होत्या, आकडे जुळत नव्हते. माझे आकडे फळ्यावर सरळ उतरले. प्रोफेसरांनी चष्मा काढला. "सेकंद कशाने मोजलेत?"

मी टेबलावर ठेका धरला. ते खिशातलं घड्याळ काढून ठेका त्याच्याशी ताडून बघत राहिले.

"पुढच्या वर्षी मुलांनाही तिकडेच नेऊ," अखेर ते म्हणाले. "आणि हाताला काय झालं?"

"ज्वारी कापली. मुलांना न्याल तेव्हा प्रत्येकाला विळा लागेल, सर."

त्यांना काही उमगलं नाही. "बसा, तुमच्या जागेवर बसा," ते म्हणाले. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पण त्या दिवशी पदार्थविज्ञानाच्या वर्गातल्या माझ्या बाकावर जाऊन मी बसले.