तिसऱ्या जागचा ठोका

शहागडच्या पुलाच्या अलीकडे, सडकेकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका टिनाच्या शेडात गयासोद्दीन जुन्या ट्रकांचे बंपर, जाळ्या आणि आरशांचे दांडे चमकवून द्यायचा. दुकानाला पाटी नव्हती. दारात तयार बंपर टेकवून ठेवलेला असायचा, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या डायव्हरला त्यात आपलाच ट्रक पळताना दिसायचा. तेवढी जाहिरात त्याला पुरत होती.

गिऱ्हाईक आलं की हा गडी आधी ना सलाम, ना रामराम. बंपर खोलून दोन ओंडक्यांवर आडवा ठेवायला लावायचा, कंबरेची छोटी हातोडी काढायचा, कान खाली न्यायचा आणि मोजून तीन ठोके मारायचा. पहिला मधोमध, दुसरा उजव्या कोपऱ्याला आणि तिसरा डाव्या कोपऱ्याला. सडकेच्या कडेचा सगळा चिखल डाव्या बाजूलाच उडतो, म्हणून गंज आधी तिथं धरतो. लोखंड तिन्ही जागी खणखणीत वाजलं तर काम ठेवून घ्यायचं. कुठं बद्द आवाज आला की हातोडी कंबरेला परत, आणि वर ठरलेलं एकच वाक्य, “ह्ये आतून खाल्लेलं हाय. नवा घ्या.”

शहागडात लोक म्हणायचे, गयासभाई बंपरची नाडी बघतो. त्याची बायको लालबी मात्र कपाळाला हात लावायची. “गिऱ्हाईक वापस भेजने के वास्ते दुकान खोले क्या जी?” असं ती दर आठवड्याला एकदा तरी विचारायची. तो हसायचा आणि मशीनवर जाऊन बसायचा, म्हणजे पुढचं काही ऐकायला नको.

ही खोड त्याला औरंगाबादेत लागली होती. तिथं एका निकलच्या कारखान्यात तो सहा वर्षं राबला आणि त्र्याऐंशी साली गावी परत आला. कामाची रीत त्यानं तिथूनच आणली. जुना थर तेजाबात उतरवायचा, पोचे मागून ठोकून काढायचे, कापडी चाकावर लोखंड घासून गुळगुळीत करायचं, मग टाकीत बुडवून विजेच्या जोरावर आधी निकल आणि त्यावर क्रोम चढवायचं. ते चाक दिवसभर असं किंचाळायचं की शेजारचा चहावाला ऑर्डर हाताच्या बोटांनी घ्यायचा. मध्येच लाइट गेली तर थर पोपडे धरायचा आणि सगळं पहिल्यापासून. तेव्हाचे बंपर जाड लोखंडाचे होते आणि नवा मागवायचा तर जालन्याला खेटे घालावे लागत. म्हणून दसऱ्याच्या आधी त्याच्या दारात ही गर्दी. पूजेच्या दिवशी ट्रकाचं तोंड मळकं दिसणं म्हणजे मालकाचीच बेअब्रू.

कुंभार पिंपळगावचा धर्मराज त्यातलाच एक. घरची शेती भावांवर सोपवून त्यानं शहाऐंशी साली एक जुना ट्रक घेतला होता, आणि उसाच्या वाहतुकीवर त्याचं बरं चाललं होतं. दोन-तीन वर्षांनी एकदा, दसऱ्याच्या तोंडावर, तो आणि त्याचा डायव्हर कचरू बंपर घेऊन हजर व्हायचे. कचरू चहा पीत तिन्ही ठोके मन लावून ऐकायचा. त्याला त्यातलं कळत काही नव्हतं, पण गयासभाई मान हलवेपर्यंत तो कपाला तोंड लावत नसे.

मग सडकेच्या पलीकडं तातेरावनं नव्या सामानाचं दुकान टाकलं. पातळ पत्र्याचे, चकचकीत, कागदात गुंडाळलेले बंपर. सकाळी जुना काढा, दुपारी नवा लावून निघा. चार दिवस कोण थांबतंय? शहाण्णवच्या पावसाळ्यात गयासोद्दीनच्या टाकीत पंधरा-पंधरा दिवस काही बुडत नव्हतं. तो दारात बसून पलीकडची गर्दी बघायचा आणि त्याचा जीव जळायचा. एकदा तर समोरून जाणाऱ्या नव्या बंपरला त्यानं बसल्या जागी शिवी घातली, मग आपणच ओशाळून इकडंतिकडं बघितलं.

अशात धर्मराज आला. बंपर ओंडक्यांवर ठेवून म्हणाला, “गयासभाई, समदे म्हणून राह्यले नवा घे. तुमी सांगा. तुमी म्हनाल ते बराबर.”

गयासोद्दीननं मधोमध ठोका मारला. खणखणीत. उजवा कोपरा, तोही ठीक. तिसऱ्या ठोक्यासाठी हात उचलला आणि त्याला डाव्या कोपऱ्याच्या घडीत लाल भुगा दिसला. तिथून काय आवाज येणार हे त्याला न ठोकताच कळलं. पलीकडं तातेराव दारात उभा राहून इकडंच बघत होता. गयासोद्दीननं हातोडी कंबरेला खोचली.

“पक्कं हाय,” तो म्हणाला. “दसऱ्याच्या आधी घेऊन जावा.”

कोपऱ्याला त्यानं मागून ठिगळ मारलं, पितळ भरून घासलं आणि वर असा थर चढवला की आजवर तसा जमला नव्हता. धर्मराज खूश होऊन गेला. लालबीनंही त्या दिवशी काही टोमणा मारला नाही. फक्त त्यालाच जेवण गोड लागलं नाही.

दिवाळीनंतर बातमी आली. नदीच्या पात्रात एकाचा ट्रॅक्टर वाळूत फसला होता. धर्मराजच्या ट्रकानं तो ओढायला घेतला, साखळी बंपरच्या डाव्या कोपऱ्याला अडकवली आणि कोपरा फाटून निघाला. सुटलेली साखळी शेजारी उभ्या असलेल्या कचरूच्या हातावर बसली. हाड दोन ठिकाणी मोडलं. सांगणारा म्हणाला, धर्मराज स्वतःलाच दोष देऊन राह्यला, साखळी बंपरला बांधायलाच नको होती म्हणून.

म्हणजे गयासोद्दीनचं नाव कुणीही घेतलं नव्हतं, आणि गप्प बसला असता तर कधी कुणी घेतलंही नसतं. दोन दिवस तो गप्पच बसला. तिसऱ्या दिवशी एकाची जाळी आली, त्यानं हातोडी काढली, कान खाली नेला, आणि काय ऐकू आलं ते त्याला ठरवता येईना. बोललो तर तातेराव गावभर करणार, दुकानाला कुलूप लागणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पण आपल्या कानावर आपलाच विश्वास राहिला नाही तर दुकान उघडं ठेवून तरी करायचं काय? त्यानं शेडाचं दार ओढलं आणि कुंभार पिंपळगावची एस. टी. धरली.

धर्मराजच्या ओट्यावर कचरू हात प्लास्टरमध्ये घालून बसला होता, धर्मराज शेजारी. फाटलेला कोपरा अंगणातच पडलेला होता.

“धर्मराजभाऊ,” गयासोद्दीन उभ्यानंच बोलला, “मी तिसऱ्या जागी ठोकलं न्हवतं. मला गंज दिसल्ता. काम जाईल म्हणून झाकला.”

धर्मराजनं त्याच्याकडं बघितलंच नाही. त्या तुकड्याकडं बघत म्हणाला, “तातेरावनं गंडवलं असतं तर इतकं वाईट वाटलं नसतं.” गयासोद्दीनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कचरूनं मात्र पायानं तो तुकडा पुढं सारला. “आणली का हातोडी?”

“हाय.”

“मंग आता वाजवा.”

गयासोद्दीननं खाली बसून ठोका मारला. ओलं मडकं वाजवावं तसा बद्द आवाज आला. कचरूनं डाव्या हातानं त्याच्याकडून हातोडी घेतली, स्वतः ठोकून बघितलं, मग अंगणातल्या पहारीवर ठोकून बघितलं, पुन्हा तुकड्यावर.

“ह्ये तर मला बी कळून राह्यलं की,” तो आश्चर्यानं म्हणाला. “इतकी वर्सं मी उगं तुमच्या मानेकडं बघत होतो.”

धर्मराज हसला नाही, पण चहा सांगितला. निघताना गयासोद्दीननं तो फाटका कोपरा मागून घेतला.

दुसऱ्या दिवसापासून दुकानाची रीत बदलली. कोपरा दारात तारेनं टांगलेला, त्याच्याखाली खिळ्याला हातोडी. गिऱ्हाईकानं आधी तो वाजवायचा, मग आपला बंपर तिन्ही जागी, आणि ठरवायचं त्याचं त्यानं. हा कोपरा कुठला असं कुणी विचारलं तर गयासोद्दीन सगळं सांगायचा, स्वतःच्या लबाडीसकट. लालबी म्हणाली, आता उरलेलेही जातील. तातेराव तर आठ दिवस मिटक्या मारत तीच गोष्ट सांगत होता.

झालं भलतंच. डायव्हर लोकांना ठोकून बघायचा नाद लागला. काही जण हातोडी उचलून थेट तातेरावच्या दुकानात जायचे आणि नवे बंपर वाजवून बघायचे. तातेराव आधी चिडला, मग पातळ माल परत पाठवून जाड मागवायला लागला, आणि शेवटी ज्याचं जुनं लोखंड चांगलं असेल त्याला स्वतःच पलीकडं बोट दाखवायला लागला. खाल्लेला बंपर इकडून तिकडं, पक्का तिकडून इकडं. गर्दी पहिल्यासारखी कधी झाली नाही, पण टाकी कोरडीही पडली नाही. धर्मराज पाच वर्षं आला नाही. सहाव्या वर्षी आला, आरशाचा दांडा पुढं ठेवला आणि हातोडी स्वतः काढून घेतली.

दोन हजार चारच्या दसऱ्याआधी कचरू आला. आता त्याचा स्वतःचा जुना ट्रक होता. हात कोपराखाली जरा वाकडा जोडला गेला होता. गयासोद्दीनचे कान तोवर त्या किंचाळणाऱ्या चाकानं खाल्ले होते. समोरचा ओरडून बोलला तरच ऐकू यायचं, आणि लोखंड तर मुळीच नाही.

कचरूनं बंपर ओंडक्यांवर ठेवला. टांगलेला कोपरा वाजवला. मग मधोमध एक, उजवीकडं एक. तिसरा ठोका मारायला तो गुडघ्यावर बसला, वाकड्या हातानं मारला, आणि पुन्हा एकदा मारला. गयासोद्दीन चहाचा कप हातात धरून त्याच्या मानेकडं बघत होता.

कचरू जवळ आला, त्याच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यांदा म्हणाला, “पक्कं हाय, भाई. डावा कोपरा दोनदा वाजवला.”

गयासोद्दीननं चहा संपवला आणि टाकी सुरू करायला उठला.