धुराड्यातला बूट

नातीच्या काखेत हात घालून मी तिला खोलीबाहेर ओढलं आणि विहीणबाईंना पलंगावर तशाच सोडलं. दोघींना नेणं मला जमलं नसतं. नात सहा वर्षांची, मी अठ्ठ्याहत्तरची, आणि विहीणबाई, म्हणजे माझ्या सुनेची आई, माझ्या दीडपट वजनाच्या. पोरीची मान मागे पडत होती. गाल मात्र लाल झाले होते, जत्रेतल्या बाहुलीसारखे. झोपलेलं पोर इतकं छान दिसत नाही.

जिना शिडीसारखा उभा. तिला मांडीवर घेऊन बसून बसून एकेक पायरी उतरले. पुढचं दार उघडलं, पडवीत गोधडी टाकली आणि बर्फावरच्या वाऱ्यात तिला निजवलं. नऊ-एक-एक दाबायला तिनेच मला शिकवलं होतं. "बेबी. ओल्ड लेडी. नो वेक अप. फायर," एवढं बोलले. पलीकडची बाई काय विचारत होती ते कळलं नाही. फोन नातीजवळ चालू ठेवला आणि पुन्हा जिन्याकडे वळले.

हे घर अमेरिकेतल्या नोव्हाय गावापासून अर्ध्या तासावर आहे. मुलगा गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. त्याच्याबरोबरचे लोक नवीकोरी घरं घेतात, याने शेतावरचं जुनं घेतलं. इंग्लंडहून आलेल्या कुणा शेतकऱ्याने, तिकडे बांधतात तसं बांधलेलं. माझा नवरा गवंडी होता. शाळा मी चौथीपर्यंत शिकले, पण घर कसं वाढत गेलं ते मला भिंतीवरून कळतं. मूळ घर दोन खणांचं. मधोमध दगडी चूल, एवढी मोठी की वासरू आत उभं राहील. मग मागे एक खोली काढली, मग वर माळ्याच्या दोन खोल्या केल्या, मग आणखी मागे बुटकं स्वयंपाकघर. प्रत्येक नव्या खोलीत जाताना एक पायरी उतरायची. जेवणाच्या खोलीला एक खिडकी आहे. तिच्यातून बाहेर बघावं तर शेत दिसत नाही, आपलंच स्वयंपाकघर दिसतं. तिथे पूर्वी अंगण होतं. मी भाजी चिरायला बसले की त्या खिडकीतून कुणी आपल्याकडे बघतंय असं वाटायचं. मी तिला पडदा लावला. पडदा स्वयंपाकघराच्या बाजूने लावला, म्हणजे जो कोणी बघत होता त्याला दिसू नये. याला सून हसली होती.

चूल कुणीतरी विटांनी बुजवली होती. मुलाने ती उघडायला एक गोरा गवंडी बोलावला. विटा निघाल्या तशी आत एका कपारीत लहान मुलाचा बूट सापडला. एकच. चामडं लाकडासारखं वाळलेलं, टाचेला खिळे, आणि आत बोटांचे खळगे अजून दिसत होते. गवंडी म्हणाला, जुने लोक असा बूट धुराड्यात ठेवायचे, वरून वाईट काही उतरू नये म्हणून.

विहीणबाई तेव्हा पुण्याहून नुकत्याच आल्या होत्या. म्हणाल्या, "फेका ते आधी. वास्तुशांतीला या घरात अग्नी यायचाय, आणि इथे चामडं?"

"राहू द्या," मी म्हटलं. "आमच्याकडे नव्या बांधकामाला जुनी चप्पल टांगतात. त्यांचं हे तसंच असेल."

"विहीणबाई, तुमच्याकडे काय काय टांगतात ते मला सांगू नका. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलंय."

"मग बुटाने अग्नी बाटतो हे कितवीच्या पुस्तकात आहे?"

सून तोंड फिरवून हसली. बूट मात्र निघाला. फेकला नाही, मी तो माझ्या कपड्यांच्या कप्प्यात ठेवला. गवंडी जाताना मुलाला म्हणाला होता, वरचा भाग बघितल्याशिवाय जाळ करू नका. मुलगा म्हणाला, ही फक्त शोसाठी आहे.

पण वास्तुशांतीच्या सकाळी गुरुजींनी होमाची जागा विचारली, तेव्हा मुलगाच म्हणाला, "घरात एवढी फायरप्लेस असताना ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये कशाला होम करायचा, यार?" सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. धुराने ओरडू नयेत म्हणून त्याने छतावरचे अलार्म एकेक काढून ड्रॉवरमध्ये ठेवले. इथे सगळेच असं करतात. लाकडं ओली निघाली, म्हणून बार्बेक्यूच्या कोळशाची पिशवी ओतली. धूर झरझर वर चढला. गुरुजी खूश झाले. गवंड्याची बायको मी. वर गेलेला धूर बाहेर कुठे पडतो, हे मी विचारायला हवं होतं. मी नैवेद्याची ताटं मोजत होते.

जेवणं झाली. गुरुजी निघताना म्हणाले, अग्नीवर पाणी ओतू नका, आपोआप शांत होऊ द्या. मुलगा त्यांना सोडायला गेला. सून देवळाची मोठी पातेली परत करायला गेली. चुलीत कोळसे लालभडक होते. विहीणबाई नातीला घेऊन माळ्यावर झोपायला निघाल्या. नात कुरकुरत होती, "आज्जी, आय ॲम नॉट स्लीपी."

"जा वर," मीच म्हटलं. "खाली मला भांडी लावायची आहेत."

थोड्या वेळाने वरून विहीणबाईंचा आवाज आला. "विहीणबाई, आज ही भिंत ऊबदार लागतेय. आत कुणी चूल पेटवल्यासारखी. शेकायला बरं आहे."

ती भिंत मी सप्टेंबरपासून पुसते आहे. हात लावला की थंडगार, पायरीच्या दगडासारखी. मला नवल वाटलं, पण मी भांडी लावत राहिले. नंतर वरून काहीच ऐकू आलं नाही. सहा वर्षांचं न झोपलेलं पोर इतकं गप्प राहत नाही, हेही तेव्हा लक्षात आलं नाही. माझंही डोकं जड झालं होतं. मी अजून जेवले नव्हते, उपासाने असेल असं वाटलं.

दहीभाताचा बळी बाहेर ठेवायचा राहिला होता. पान घेऊन बर्फात गेले. पान ठेवलं, वळले, आणि घराकडे बघितलं. छप्पर या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट पांढरं. त्यावर धुराडं नव्हतं. धूर नव्हता. घरात एवढा जाळ होता, आणि बाहेरून बघितलं तर त्या घरात चूलच नव्हती.

इतके महिने मी त्या छपराखाली राहिले आणि एकदाही मान वर करून बघितलं नव्हतं. मी धावले. या वयात धावतात तसं.

नातीला बाहेर निजवून दुसऱ्यांदा वर गेले, तेव्हा विहीणबाई पलंगावर नव्हत्या. दाराशी पडल्या होत्या, पाय जिन्याच्या तोंडावर, डोकं खोलीत. मघाशी मी त्यांना बोटही लावलं नव्हतं. त्यांना तिथून हलवणं मला शक्य नव्हतं. मी पितळी तांब्याने खिडकीची काच फोडली, खाली बसले आणि पदराने त्यांच्या तोंडावर वारा घालत राहिले. सायरन ऐकू आला तेव्हा मलाही खोली तिरकी दिसत होती. भिंत खरंच गरम होती.

आगीचे बंब घेऊन जे आले होते त्यांनी खोलीतलं कपाट रिकामं केलं. कपाटाच्या मागे धुराडं होतं. कधीतरी नवं छप्पर घालताना कुणीतरी ते छपराखालीच कापलं होतं आणि तोंडावर फळी ठोकली होती. फळी तडकली होती. आमच्या होमाची सगळी हवा त्या कपाटातून त्या दोघींच्या उशाशी येत होती. घराला इतक्या लोकांनी इतकं काही जोडलं. कापलेलं मात्र पुढच्याला कुणी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी इस्पितळात विहीणबाईंनी मला विचारलं, "आधी कोणाला नेलंत?"

"नातीला."

"बरं केलंत. मला आधी नेलं असतं तर जन्मभर ऐकवलं असतं तुम्हाला." मग घोटा चोळत म्हणाल्या, "पण माझे पाय फार जोरात ओढलेत हो. घोटे अजून दुखतात."

"मी तुमचे पाय ओढले नाहीत."

"ओढलेत की. हात लहान होते, पण जोर होता."

डॉक्टर म्हणाले, कोंडलेल्या कोळशाच्या विषारी वायूने माणसाला नसलेलं जाणवतं. असेल. मी माझे हात बघितले. ते लहान नाहीत, विटा वाहिलेले आहेत.

मुलाने तोच गवंडी बोलावून चूल पुन्हा बुजवली. शेवटची वीट लागायच्या आधी मी कप्प्यातून बूट आणला आणि होता त्या कपारीत ठेवला. विहीणबाई खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी बघितलं. शेवटची वीट त्यांनीच गवंड्याच्या हातात दिली.

त्या दुपारी त्या खोलीत दोघी झोपल्या होत्या. नात वाचली आणि विहीणबाईही वाचल्या. त्यांतल्या एकीलाच मी ओढलं होतं.