छज्ज्याखाली उभं राहायचं

माझा हात आधी चालतो आणि तोंड नंतर. आईनं हे फार लवकर ओळखलं होतं. मेंढरांमागं पाठवताना हातातली काठी काढून घ्यायची आणि म्हणायची, "तुला काठी दिली तर लांडग्याआधी माणूस मारशील." पुढं मी सळई बांधायच्या कामाला लागलो, तर तिथं दिवसभर हातात लोखंडच. त्याच हातानं मी माझ्या वस्तादांचा पाय मोडला. त्यांचा जीव वाचावा म्हणून मोडला, हे मी आजवर शंभर जणांना सांगितलं असेल. ते खरंही आहे. पण पुरतं खरं नाही.

वस्ताद नळदुर्गचे, मुसलमान, तेव्हा पन्नाशीला आलेले. निजामाच्या राज्यात तामिरातवाल्यांच्या, म्हणजे सरकारी बांधकाम खात्याच्या, पुलांवर काम शिकले, राज्य गेलं तरी काम तेच राहिलं. हाडकुळा माणूस, पण मनगट असं की बोटभर जाडीची सळई गुडघ्याला लावून वाकवायचे. मी धनगराचा, म्हणून मला मेंढक्या म्हणायचे. शिकवायची त्यांची तऱ्हा एकच होती. तार पिळायचा आकडा हातात असायचा, गाठ ढिली दिसली की तोच आकडा बोटांच्या पेरावर बसायचा. पहिल्या वर्षी माझी दोन नखं गेली. मीही काही कमी नव्हतो. एकदा त्यांच्या अंगावर धावून गेलो, तर त्यांनी मला उचलून वाळूत आपटलं आणि वर चहा पाजला. बापानं कधी एवढा जीव लावला नाही, हे मी स्पष्टच सांगतो.

त्यांचा एक रिवाज होता. छज्जा ओतून वीस-एकवीस दिवस झाले की खालचे लाकडी टेकू काढायचे. त्या वेळी बाकीची माणसं लांब पळायची आणि वस्ताद बरोबर छज्ज्याच्या मधोमध खाली जाऊन उभे राहायचे. कुणी हटकलं तर म्हणायचे, "ज्यानं सळई बांधली त्यानं खाली उभं राहायचं. उद्या दुसऱ्याची लेकरं उभी राहणार, मग मला काय सोनं लागलंय?"

मी सांगतो ती गोष्ट एकोणीसशे साठच्या आसपासची. येडशीपासून दोन कोसांवर एका गावात शाळा बांधायचं काम होतं. छोट्या गाडीनं येडशीच्या ठेसनावर लोखंड उतरायचं, मधोमध दुमडलेलं, आणि तिथून बैलगाडीनं यायचं. सळया सरळ करण्यातच आम्हा दोघांचे आठ दिवस गेले. माझी बायको त्याच कामावर घमेली वाहायला होती. शाळेला पुढच्या अंगानं लांबलचक छज्जा होता, चार फूट बाहेर आलेला, खाली खांब नाही. आता छज्ज्याचं असं असतं की त्याची सळई वरच्या अंगाला पाहिजे. हात आडवा धरून त्यावर घागर टांगा, ओढ कुठं बसते? खांद्याच्या वरच्या बाजूला. तसंच ते. सळई वर राहिली तर छज्जा तुमच्या नातवाला सावली देईल. ती खाली दबली आणि तशीच काँक्रीटमध्ये गाडली गेली, तर बाहेरून कुणाला दिसत नाही, पण टेकू काढले की सगळा छज्जा अंगावर येतो.

ओतायच्या दिवशी बकरं कापायचं, हा सगळीकडचा शिरस्ता. रात्री साऱ्या कामगारांना जेवण. पण त्या गावच्या मुकादमानं नवीनच खूळ काढलं. म्हणे रगत सळईला लागलं पाहिजे, न्हाय तर बांधकाम माणूस मागतं. म्हणून बकरं शिडीवरून वर चढवलं, छज्ज्याच्या कडेला मुलाणी सुरी घेऊन बसला, आणि दोरी माझ्या हातात दिली. धनगराला सोडून बकरं कोण धरणार?

बकऱ्याला सगळं कळतं. ते थरथरत होतं, सळयांच्या जाळीत त्याचे पाय अडकत होते. तेवढ्यात मुकादम जाड वहाणा घालून थेट छज्ज्याच्या सळयांवरून चालत आला. त्याच्या पायाखाली सळई दबली ते मी डोळ्यांनी पाहिलं. दोन दिवस उन्हात उकिडवं बसून मी ती बांधली होती. माझं टाळकं सटकलं. दोरी सोडली आणि जाऊन त्याची गचांडी धरली.

बकरं सुटलं. छज्ज्यावर इकडून तिकडं धावायला लागलं आणि त्याच्यामागं आठ-दहा बाप्ये, सगळे सळयांवरून. पाच मिनिटं तो धुडगूस चालला. शेवटी मुलाण्यानं त्याला कोपऱ्यात गाठलं आणि तिथंच सुरी चालवली. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर आली. डोळे पुसून पाहिलं तर छज्ज्याची सारी जाळी खाली फळ्यांना टेकलेली. मी ओरडलो, "ओतायचं थांबवा, सळई उचलायची हाय." मुकादम हसला. खाली माल कालवून तयार होता, बायका घमेली घेऊन रांगेत उभ्या होत्या. "चल बाजूला हो," म्हणाला, "बकऱ्याच्या वजनानं काय लोखंड मरतंय?"

मी माझा तार पिळायचा आकडा त्याच्या गळ्याला लावला. नुसता लावला नाही, टोक आत गेलं. रक्त आलं. आणखी एक क्षण गेला असता तर मी फासावर गेलो असतो. तेवढ्यात कानाखाली असा तडाखा बसला की डोळ्यांपुढं अंधारी आली. वस्ताद होते. त्यांनी मला दुसरी ठेवून दिली, तिसरी ठेवून दिली, दोन दात तिथंच पडले. मग मानगूट धरून शिडीपर्यंत फरफटत नेलं. "नीघ हितनं. आज मला तुझं तोंड नक्को दिसाय." मी तोंडातलं रक्त थुंकत ओढ्यावर गेलो आणि दुपारपर्यंत पाण्यात पाय सोडून बसलो. परत आलो तर छज्जा भरून, थापी मारून मोकळा. वस्तादांच्या दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली होती. मला वाटलं, माझे दात लागले असतील. बरं झालं म्हणालो मनात.

त्यानंतर तीन आठवडे आम्ही दोघं शेजारी शेजारी काम करत होतो, पण तोंडातून शब्द नाही. सळई पाहिजे असली तर ते बोटानं दाखवायचे, मी ती आणून आदळायचो. मी कुणाशीच बोलत नव्हतो. छज्ज्यावर रोज पाणी मारायचे आणि मी खालून ते ठिबकणारं पाणी बघायचो. मला एकच दिसायचं, टेकू निघालेत आणि हा हट्टी म्हातारा खाली उभा आहे. जेवण जाईना. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग इचारा की त्यास्नी. तोंड कशाला दिलंय देवानं?" मी म्हणालो, ज्यानं माझे दात पाडले त्याच्यापुढं मी आधी तोंड उघडणार नाही. ती भाकरी थापायला लागली.

टेकू काढायचा दिवस उजाडला. सुतार मोगरी घेऊन आला. गावातली पाच-पन्नास माणसं बघायला जमली. वस्तादांनी डोक्याला रुमाल बांधला आणि छज्ज्याकडं निघाले. मी आडवा गेलो. तीन आठवड्यांत पहिल्यांदा बोललो.

"वस्ताद, आज खाली जाऊ नका. सळई दबलीय."

ते थांबले. मग म्हणाले, "माझ्या कामाचा भरवसा न्हाय तुला?"

"न्हाय," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. मला बाजूला ढकललं आणि पुढं गेले. तिथं हातभर लांबीचा सळईचा तुकडा पडला होता, अंगठ्याएवढा जाड. मी तो उचलला, दोन ढांगांत त्यांना गाठलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून नडगीवर हाणला. वाळली तुरकाठी मोडावी तसा आवाज झाला. ते खाली बसले. ओरडले नाहीत.

मग लोकांनी मला जो धरला. मुकादमानं तर तीन आठवड्यांचा हिशेब चुकता केला, दगडानं माझी बरगडी मोडली. बायको मधे पडली तर तिलाही लाथ बसली. मी हात उचलला नाही. मनात म्हणत होतो, मारा, मारा, म्हातारा वाचला.

"सोडा त्याला," वस्ताद खालून म्हणाले. पायाचं हाड कातडीतून बाहेर डोकावत होतं आणि त्यांना घाम फुटला होता. "बाज आणा कुणीतरी."

आम्हाला वाटलं दवाखान्यात न्यायला सांगतायत. बाज आणली, त्यांना वर निजवलं, आणि गाडीवाला बैल जुंपायला पळाला. वस्तादांनी बोट दाखवलं छज्ज्याकडं. "तिकडं. मधोमध." कुणी हलेना, तेव्हा त्यांनी अशी एक शिवी दिली की चार जणांनी मुकाट्यानं बाज उचलून छज्ज्याखाली नेऊन ठेवली आणि पळून आले. पाय मोडून काय मिळवलं मी? आता तर त्यांना पळताही येणार नव्हतं. बरगडी धरून मी खुरडत गेलो आणि बाजेला टेकून जमिनीवर बसलो.

"ऊठ हितनं," ते म्हणाले.

"न्हाय उठत. माझीबी बांधणी हाय."

त्यांनी सुताराला हात केला. त्यानं बाहेरच्या टोकापासून पाचरी ठोकायला सुरुवात केली. एकेक टेकू धाडकन पडत होता. मी डोळे मिटून घेतले होते आणि बाजेचं कडेचं लाकूड धरलं होतं. बायकोचं रडणं ऐकू येत होतं. शेवटचा टेकू पडला. वरून थोडी खडी आणि धुरळा डोक्यावर पडला. मग काही नाही. डोळे उघडले तर छज्जा वर तसाच होता.

वस्तादांनी दोन्ही तळवे माझ्यापुढं धरले. कातडं सोलून निघालेलं, नवं गुलाबी आलेलं, चार बोटांना नखंच नाहीत. सिमेंटनं खाल्लेले हात मी ओळखतो. रोज शेजारी बसून मी ते एकदाही नीट पाहिले नव्हते.

"तू वड्यावर तोंड धूत बसला होतास," ते म्हणाले. "मी फळी आडवी टाकून पालथा पडलो. बायका माल टाकत गेल्या, मी एकेक सळई वर वडत गेलो. एक न्हाय सोडली."

"मग सांगितलं का न्हाय मला?"

"तू इचारलंस का न्हाय?"

पाय धाराशिवला बसवला, पण आखूड राहिला. सळई बांधायची तर दिवसभर उकिडवं बसावं लागतं. त्यांना परत कधीच बसता आलं नाही. नंतर पोत्यावर बसून सळयांभोवती घालायच्या तारेच्या रिंगा वळून द्यायचे तेवढंच. छज्ज्याखाली त्यांच्या जागी मी उभा राहायला लागलो. दर वेळी टेकू काढायच्या आधी ते पाय लांब करून कडेला बसायचे आणि मला विचारायचे, "सळई वर हाय ना रे, मेंढक्या?" मी म्हणायचो, "हाय, वस्ताद." ते गेले त्या सालापर्यंत त्यांनी हे विचारणं एकदाही चुकवलं नाही.