मॉरीनच्या किचनमधून जायचं नाही

हाउसिंगच्या ऑफिसात बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. लोक बॉयलरची तक्रार घेऊन येतात, खुर्चीत टेकतात, आणि उठता उठता असं काहीतरी बोलून जातात की बॉयलर राहतो बाजूला आणि आपण दिवसभर तेच चघळत बसतो. मी इतकी वर्षं हेच करतोय. आता तर असं झालंय की चार मित्र जमले, की चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "मिलिंद, तुझ्या त्या इस्टेटचं काय नवीन?"

तर आमची इस्टेट, म्हणजे वसाहत, टॅनर्स फील्ड. क्रॉयडनहून ट्रॅमने थोडं पुढे. कौन्सिलचे, म्हणजे इथल्या पालिकेचे, जुने, उंच ब्लॉक्स. एक ब्लॉक रिकामा करायचा, पाडायचा, तिथे नवा बांधायचा, मग पुढचा, असं चाललंय. ऑफिसात आम्ही तिघं. डेव्हिड मॅनेजर, जे टेपने मोजता येत नाही त्यावर त्याचा विश्वास नाही. शनीस याच इस्टेटवर लहानाची मोठी झाली. आणि मी मूळचा डोंबिवलीचा, त्यामुळे पाडापाडीचं मला काडीचंही अप्रूप नाही. भुताखेतांवरही माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बिल्डर कंपनीने आल्या आल्या वस्तीचं नाव बदललं. "द टॅनरी क्वार्टर"! ऑफिसच्या भिंतीवर नवा नकाशा लावला. त्यात वस्तीची हद्द अशी काही वळवली होती, की पलीकडच्या उच्चभ्रू रस्त्यावरची चार घरं आत आली आणि मागची जुनी गल्ली बाहेर गेली.

शनीसने नकाशावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "माझी शाळा गेली. माझी आजी राहायची ते घर गेलं. आणि ज्या रस्त्यावरून आम्हाला कुत्रं सोडून हाकलायचे, तो रस्ता मात्र आमच्यात आला!"

डेव्हिड म्हणाला, "तो फक्त मार्केटिंगचा नकाशा आहे गं."

मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

*

शेवटच्या उरलेल्या जुन्या ब्लॉकमध्ये शिर्के काकू आणि अप्पा राहायचे. अप्पा बस गॅरेजमध्ये फिटर होते. रिटायर झाल्यावर काही वर्षांनी त्यांना डिमेन्शिया झाला. मुलाचं नाव विसरले, मराठीतले वार विसरले, पण सकाळी नाश्ता करून एकटे लायब्ररीत जायचे, पेपर उघडून बसायचे आणि जेवायच्या वेळेला बरोबर घरी यायचे. कुणी सोबत लागायचं नाही.

सोशल वर्कर बाई भली होती, पण तिने स्पष्टच सांगून ठेवलं होतं. "मिसेस शिर्के, ते एकदा जरी हरवले, तर आपल्याला केअर होमचा विचार करावा लागेल."

ब्लॉक रिकामा करायचा आहे हे सांगायला मी गेलो, तेव्हा काकूंनी मला आधी थालीपीठ खायला घातलं, माझं सगळं ऐकून घेतलं, आणि मग म्हणाल्या, "पाड बाबा ब्लॉक. मला भिंतींचं काही नाही. पण यांचे पाय रोज या दाराशी येतात. ते पाय कसे हलवणार तुम्ही लोक?"

मी थालीपीठ संपवून निघालो.

*

नव्या ब्लॉक्सच्या मधोमध प्ले एरिया केला. रबरी जमीन, घसरगुंडी, सगळं छान. शनीसच्या लक्षात आलं की पोरं धावत येतात आणि एका ठिकाणी कचकन थांबतात. तिथे कुंपण नाही, रेघ नाही, काही नाही. बॉल पलीकडे गेला तर कुणी मोठं माणूस येईपर्यंत वाट बघतात.

तिने एका चिमुरडीला विचारलं, "का गं थांबलीस?"

"पुढे बॉटम एंड आहे."

आता, टॉप एंड आणि बॉटम एंड हे जुन्या इस्टेटमधले शब्द. मध्ये एक चिप्सचं दुकान होतं, ती सीमा. एका एंडच्या पोरांनी दुसऱ्या एंडला जायचं नाही, गेलं तर मार खायचा. दुकान पाडलं तेव्हा ही मुलगी जन्मलीही नव्हती. तिचे आईबाप गेल्याच वर्षी मँचेस्टरहून आलेले!

"तुला कुणी सांगितलं हे?"

"मोठ्या पोरांनी. ती भिंतीवर बसलीयेत ना, त्यांनी."

शनीसने आजूबाजूला पाहिलं. भिंत कुठेच नव्हती. ऑफिसात येऊन ती खुर्चीत बसली आणि कोट न काढता म्हणाली, "चिप्सच्या दुकानाला एक बुटकी भिंत होती, मिलिंद. छोट्यांना हाकलायला आम्ही तिच्यावर बसायचो."

*

एकाचं पार्सल हरवलं. ॲपवर 'डिलिव्हर्ड' लिहिलेलं, सोबत फोटो. तो माणूस तणतणत फोन घेऊन आमच्याकडे आला. फोटोत लाल दार, दारासमोर पायपुसणं आणि त्यावर त्याचं पार्सल. नव्या इमारतींची सगळी दारं राखाडी आहेत. कंपनीने दुसरा रंग लावूच दिलेला नाही.

शनीसने फोटो मोठा केला आणि म्हणाली, "हा सी ब्लॉक."

सी ब्लॉक पाडून तिथे सायकल स्टँड झालाय.

डेव्हिडने चष्मा लावून नीट पाहिलं, फोन परत दिला आणि त्या माणसाला म्हणाला, "सर, निदान शेजाऱ्यांकडे सुखरूप आहे!" त्या दिवसापासून डेव्हिड स्वतःची पार्सलं ऑफिसच्या पत्त्यावर मागवत नाही.

*

मिस्टर ओकॉनर म्हणून एक आंधळे म्हातारे गृहस्थ आहेत. आधी जुन्या ब्लॉकमध्ये होते, आता नव्यात. त्यांचा जुना ब्लॉक पाडून केलेल्या मोठ्या लॉनमधून ट्रॅमच्या स्टॉपवर जातात. सरळ जायचं, तर नाही! काठी टेकत डावीकडे जातात, मग उजवीकडे वळतात, एका जागी पाऊल उचलून पायरी उतरल्यासारखं करतात, पुन्हा डावीकडे. बघणाऱ्याला वाटावं की सकाळी सकाळीच घेतलीय.

डेव्हिडला त्यांची काळजी वाटली. तो त्यांचा हात धरून म्हणाला, "मिस्टर ओकॉनर, आता इथे सगळं मोकळं आहे. मी तुम्हाला सरळ नेतो."

म्हाताऱ्याने हात सोडवून घेतला. "सरळ? मॉरीनच्या किचनमधून? तिची अजून अंघोळ व्हायचीय, लाज वाटत नाही तुला?"

मॉरीन त्यांची जुनी शेजारीण, आणि जुन्या ब्लॉक्समध्ये अंघोळीचा टब किचनला लागून असायचा, हे आम्हाला शनीसने सांगितलं. डेव्हिड हसला खरा, पण संध्याकाळी घरी जाताना तो लॉनच्या कडेकडेने गेला. मीही.

*

एक बाई वरच्या फ्लॅटची तक्रार घेऊन आल्या. रविवारी सकाळी वरच्या बायका व्हॅक्यूम क्लीनर फिरवतात, फर्निचर सरकवतात, झोप होत नाही.

डेव्हिडने पत्ता विचारला. "मॅडम, तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहता."

"ठाऊक आहे मला," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी फक्त वेळेबद्दल बोलतेय."

पाडलेला ब्लॉक नव्यापेक्षा बराच उंच होता, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मग रविवारी सकाळी डेव्हिड, म्हणजे टेपवाला डेव्हिड, स्वखर्चाने इस्टेटवर आला, त्या मजल्याच्या लँडिंगवर उभा राहिला आणि छताकडे बघून मोठ्याने म्हणाला, "लेडीज, दहानंतर प्लीज!"

बाईंची तक्रार पुन्हा आली नाही. आम्ही फाइल बंद केली.

*

काकूंना नवा फ्लॅट मिळाला तो नेमका दुसऱ्या टोकाला, टॉप एंडला. मी भांडलो, पण यादीपुढे माझं काही चाललं नाही. मग आम्ही अप्पांचे पाय हलवायला घेतले! काकू, शनीस आणि मी आळीपाळीने त्यांना लायब्ररीतून नव्या फ्लॅटपर्यंत चालवत न्यायचो. शिफ्टिंगच्या आधीच काकूंनी नव्या दारावर जुनी पाटी लावली, 'शिर्के', देवनागरीत. दारात जुन्या दारापुढे असायची तशीच रांगोळी काढली. मॅनेजमेंट कंपनीने तिच्यावरून कुणाचा पाय घसरेल म्हणून ती पुसायला माणूस पाठवला. काकूंनी त्याला लाडू दिला आणि तो रांगोळी ओलांडून गेला.

अप्पा शहाण्या मुलासारखे सोबत यायचे. पाटी वाचायचे. आत येऊन सोफ्यावर बसायचे, इकडेतिकडे बघायचे आणि अगदी पाहुण्यासारखं विचारायचे, "छान आहे हो. कुणाचं आहे?"

"आपलं," काकू म्हणायच्या.

"हो का?" मग गुडघ्यावर हात ठेवून उठायचे. "चला, घरी जाऊ आता. जेवायची वेळ झाली."

रोज हेच. एकदा शनीस लिफ्टमध्ये रडली. मी तर सोशल वर्करचा फोन वाजला की लगेच उचलायचो नाही.

*

जुनं घर सोडायचा दिवस आला. सामान गेलं, खोल्या रिकाम्या झाल्या. डेव्हिड किल्ल्या घ्यायला आला होता. काकूंनी शेवटचं एकदा आत पाहिलं, अप्पांचा मफलर नीट केला, दार ओढलं, कुलूप लावलं आणि आपण कुणाच्याही घरून निघताना म्हणतो तसं दाराला म्हणाल्या, "येतो हं आम्ही."

आणि जागीच थबकल्या.

"काय म्हणाल्या?" डेव्हिडने मला विचारलं. मी सांगितलं, की आमच्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, अशुभ असतं, 'येतो' म्हणतात.

"पण पुढच्या महिन्यात इथे यायला काही असणारच नाही," डेव्हिड म्हणाला. त्याला टोमणा मारायचा नव्हता, माहिती द्यायची होती.

काकूंनी माझा दंड धरला. "मिलिंद, असं म्हणायला नको होतं का रे? पाडायच्या घराला 'येतो' म्हणून बसले मी."

"सवयीने आलं तोंडात, काकू. घराला काय कळतंय?"

अप्पा मात्र खुशीत होते. दारावर दोनदा टिचकी मारून म्हणाले, "येतो, येतो." जिना उतरताना मला उगाचच मागे वळून बघावंसं वाटलं. मी बघितलं नाही.

*

ब्लॉक पडला. भोवती उंच पत्रे लागले, आत नुसता चिखल. आता काकू अप्पांना लायब्ररीत सोडायला जायच्या आणि तिथेच विणकाम घेऊन बसायच्या, नजर त्यांच्यावर. एका दुपारी धो धो पाऊस होता. लोकर खाली घरंगळली म्हणून काकू वाकल्या, वर बघतात तर खुर्ची रिकामी.

त्या भिजत आमच्या ऑफिसात आल्या. डेव्हिडने फोन उचलला, तर काकूंनी त्याचा हात धरला. इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "पोलीस नको. प्लीज. पोलिसांकडून तिला कळेल, आणि ती त्यांना घेऊन जाईल." सोशल वर्करला त्या घाबरत होत्या. मीही घाबरलो होतो.

आम्ही चौघं बाहेर पडलो. ट्रॅमचा स्टॉप, चर्च, सायकल स्टँड, सगळं पालथं घातलं. पत्र्यांच्या गेटला बाहेरून कुलूप होतं. शनीसने फटीतून हाका मारल्या, मी डोळा लावून पाहिलं. चिखल, पाण्याची डबकी, एक बंद मशीन. माणसाच्या पावलाचा एक ठसा नव्हता. आमच्या चौघांच्या अंगावर सुकी चिंधी उरली नव्हती. शेवटी डेव्हिड म्हणाला, "मिसेस शिर्के, आता फोन करावाच लागेल. त्यांचा एक फोटो द्या." काकूंनी मान हलवली. आम्ही फोटोसाठी नव्या फ्लॅटवर गेलो.

लिफ्टमधून बाहेर आलो, तर कॉरिडॉरमधून समोरून अप्पा येत होते. एकटे. पाटी वाचून दारापाशी थांबले, रांगोळी ओलांडायला पाय उचलला. केस विंचरलेले, बूट कोरडे, कोट कोरडा. मी खांद्यावर हात ठेवून पाहिला. कोट उबदार होता.

काकूंनी त्यांचं मनगट धरलं. "कुठे होतात हो? कुठे गेला होतात?"

"घरी," अप्पा म्हणाले. "तूच म्हणालीस ना, आता तिकडच्या घरी जा, ती वाट बघत असेल. मग आलो."

शनीसने मला विचारलं, ते काय म्हणाले. मी म्हणालो, नंतर सांगतो.

काकूंनी त्यांना सोफ्यावर बसवलं आणि चहा टाकला. आम्हालाही दिला, बिनसाखरेचा. अप्पांचा डायबेटीस निघाल्यापासून काकू घरात साखरेचा कण येऊ देत नाहीत.

अप्पांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप काकूंच्या पुढे सरकवला.

"असा काय? मघाशी दिलास तसा दे ना. गोड."