फुलवालीचं माहेरचं नाव

भावाच्या मुलीच्या बारशाला गजरे हवेत म्हणून मी दादरच्या फुलबाजारात गेले होते. कोपऱ्यावरची म्हातारी फुलवाली दाताने दोरा तोडत म्हणाली, ‘म्हणजे आत्या तू. नाव काय ठेवतेस?’

‘मैथिली. मिथिलेची लेक, म्हणजे सीता.’

तिचे हात थांबले. ‘अयोध्येला नांदायला गेली, तरी माहेरचं नाव ऱ्हायलं की गं तिचं! माझं तर नवऱ्याने लग्नात तांदळात दुसरंच लिहिलं.’

‘आधीचं काय होतं?’

तिने मला जवळ ओढलं आणि पाळण्यातल्या बाळाला सांगावं तसं ते माझ्या कानात सांगितलं.

आता त्या कोपऱ्यावर दुसरीच कुणी बसते. तिथून जाताना मी ते नाव हळूच घेते. माझ्याशिवाय ते घेणारं आता कुणी असेल, असं वाटत नाही.