जावेच्या गिरणीसाठी गहाण पडलेलं घर

मुलांनो,

आदिलाबादचं घर विकायला ठरल्यापेक्षा महिनाभर उशीर का झाला, असं तुम्ही मागच्या रविवारी फोनवर विचारलंत. "एक जुना कागद सापडत नव्हता," असं सांगून मी विषय तुमच्या परीक्षांकडे वळवला. तुमच्या बाबांनाही मी एवढंच सांगितलं आहे. शाळेत मी अर्ध्या उत्तराला अर्धेच मार्क देत असे, त्यामुळे ते उत्तर तेव्हापासून मला टोचतं आहे. पूर्ण उत्तर आत्ताच लिहिते, कारण ते ज्या बाईविषयी आहे ती अजून हयात आहे. ती गेल्यावर लिहायला बसले तर मी तिच्याविषयी सगळं गोडच लिहीन.

ती बाई म्हणजे माझी मोठी जाऊ, तुमच्या आजोबांच्या थोरल्या भावाची बायको. आदिलाबादकडच्याच बोथजवळच्या गावी राहते. लहानपणी तुम्ही तिला गिरणीवाली आजी म्हणायचात, कारण तिच्या अंगणात पिठाची गिरणी होती आणि तिथून परत येताना तुमच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असत.

मला तिचा हेवा वाटायचा. हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

मी नागपूरला इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, लग्नानंतर आदिलाबादच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी. ती सातवीपर्यंत शिकलेली, पण तेलुगू शाळेत. आपण मराठी माणसं तिथे बाजारात, बसमध्ये तेलुगू बोलून निभावून नेतो. सरकारी कागद मात्र तेलुगूत येतो, आणि तिथे नुसतं बोलता येऊन भागत नाही. आजोबा तेलुगू फाडफाड बोलत, पण वाचताना बोट ठेवून अक्षरं जुळवत. मला तर एक अक्षर येत नव्हतं. त्यामुळे घरपट्टीची नोटीस असो की विजेचा अर्ज, आजोबा तो घडी करून खिशात ठेवत आणि म्हणत, "रविवारी वहिनींकडून वाचून घेतो." माझ्या घराचे कागद माझ्याआधी तिला कळत. मी तेलुगू शिकू शकले असते. शाळेत शिकवायला दोन जणी तयार होत्या. तिला येतं, म्हणूनच मी शिकले नाही.

थोरले दीर लवकर गेले. त्यानंतर तिने ती गिरणी घातली. आजोबा कापसाच्या जिनिंगच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करत, त्यामुळे दर रविवारी गिरणीचा पट्टा ताणायला, दगडांना टाकी लावायला तेच जात. संध्याकाळी पिठाने माखून परत येत. ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊन आलेले असत. "आज मला वाढू नका," म्हणत. मी केलेलं वरण तसंच झाकून ठेवत असे.

कधी मी बरोबर गेले तर आणखी जीव जळायचा. लग्नानंतर त्यांची बोली मीच सुधारली होती. घरात ते "आम्ही येतो", "कशासाठी" असं स्वच्छ बोलत. तिच्या अंगणात पाय ठेवला की "आमी" आणि "काऊन" सुरू व्हायचं, आणि त्यांचं हसणं रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. आमच्या घरात ते तसे कधी हसले नाहीत.

गैरसमज करून घेऊ नका. त्यात वावगं काही नव्हतं. वावगं असतं तर मला भांडता तरी आलं असतं.

आता घराचं सांगते. आजोबा गेल्यावर पाच वर्षं मी एकटी राहिले. गुडघे पायऱ्या चढेनासे झाले, तेव्हा नागपूरला तुमच्या आत्याच्या शेजारची तळमजल्यावरची जागा घ्यायचं ठरलं. आदिलाबादचं घर विकल्याशिवाय ती मिळणार नव्हती. गिऱ्हाईक म्हणून आला तो माझाच जुना विद्यार्थी, आता तिथल्याच एका सरकारी कचेरीत कारकून. इसार दिल्यावर तो म्हणाला, "मॅडम, बँकेला कागद दाखवावे लागतील." मी त्याच्यासमोर अकरा फायली ठेवल्या. प्रत्येकीवर माझ्या हाताने इंग्रजीत नाव लिहिलेलं. "माझ्या कागदांत तुला चूक सापडायची नाही," असं मी म्हणाले. म्हणायला नको होतं.

घरावर आजवर नोंदलेल्या सगळ्या व्यवहारांचा एक दाखला निघतो, त्याला तिकडे ईसी म्हणतात. चार दिवसांनी विद्यार्थी ईसी घेऊन आला आणि पायरीवरच उभा राहिला.

"मॅडम, घरावर बोजा आहे. जुनं गहाण. अजून उतरलं नाही."

"भलत्याच घराचा दाखला आणला असशील."

"घर हेच आहे, मॅडम. सायेबांचं नाव आहे. गावच्या बाईचं आहे. आन्..." त्याने कागद माझ्यापुढे धरला. "तुमचं पण आहे."

"शक्य नाही. मी न वाचता कुठेही सही करत नाही. तुम्हाला वर्गात काय शिकवलं होतं मी?"

"तेच शिकवलं व्हतं, मॅडम," तो खाली बघत म्हणाला.

हा दाखला मात्र इंग्रजीत होता. मी स्वतः वाचला. तीस वर्षांपूर्वीचं, गिरणी घातली त्याच वर्षीचं गहाणखत, एका सहकारी बँकेच्या नावाने, आणि लिहून देणारे आम्ही तिघं: आजोबा, जाऊ आणि मी. मला सगळं दिसल्यासारखं झालं. गिरणी तिने आपले दागिने मोडून घातली असं गाव म्हणायचं, आणि मी त्याबद्दल मनातून तिला मानायचे. ती गिरणी माझ्या पगारातून बांधलेल्या घरावर उभी होती. आजोबांनी ते मला न सांगता केलं होतं, माझ्या नावाची सही कुणाकडून तरी करवून. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या फोटोला फूल वाहिलं नाही.

ती सहकारी बँक मध्यंतरी दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. तिथला अधिकारी सभ्य होता. तो म्हणाला, "कर्ज फिटलेलं दिसतं, पण तेव्हाची वही आमच्याकडे आलेली नाही. कर्जदाराला बेबाकीचं, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचं पत्र दिलं असणार. ते आणा, मी गहाण सोडल्याचा दस्त लगेच करून देतो. नाहीतर प्रकरण हैदराबादला पाठवावं लागेल." त्याला किती दिवस लागतील हे त्याला सांगता येईना. माझ्या विद्यार्थ्याला मिळालेली कर्जाची मंजुरी पुढच्या महिन्याच्या अखेरीस संपणार होती. ती संपली की हा सौदाही संपला, आणि नागपूरची जागाही गेली.

अकरा फायली मी तीन वेळा पाहिल्या. पत्र नव्हतं. ते जिच्याकडे असू शकत होतं तिच्या घरी मी पाच वर्षांत गेले नव्हते. फोन करणं मला जमलं नाही. आठवडा असाच घालवला, मग एकदाची सकाळच्या बसमध्ये बसले.

ती ओट्यावर ज्वारी पाखडत होती. ऐंशीच्या पुढे वय, पण सूप हातात नीट चाललेलं.

"आली का मास्तरीणबाई? काऊन, वाट चुकली का?"

"बाई, मला एक कागद पाहिजे. गिरणीच्या कर्जाचा."

"आधी चा पी."

"चहा नको. तुम्ही दोघांनी माझं घर गहाण टाकलंत आणि मला कळू दिलं नाहीत. माझी सही कुणी केली ते सांगा."

तिने सूप खाली ठेवलं. मग भिंतीला धरत आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि धोतराच्या फडक्यात बांधलेलं पुडकं आणून तिने माझ्या मांडीवर ठेवलं. वर बेबाकीचं पत्र होतं. खाली बँकेने परत केलेलं गहाणखत. शेवटच्या पानावर आजोबांची तिरकी सही, तिची तेलुगू अक्षरं, आणि त्याखाली माझी इंग्रजी सही. हेडमास्तरांच्या रजिस्टरमध्ये रोज करायचे तशीच, खाली रेघ ओढलेली.

"ही कुठे केली मी?"

"आदिलाबादले, कचेरीच्या वरांड्यात. तिघं गेलो व्हतो. कागद लिहिनाऱ्यानं इचारलं, बाई, पढ के सुनाऊं क्या? मी म्हनलं, मी वाचून सांगतो तिले मराठीत. तू म्हनली, काही गरज नाही."

आणि मग आठवलं. कागदाचं नाही, खुर्चीचं. वरांड्यात एकच खुर्ची होती आणि आजोबांनी ती तिला दिली होती. मी उभ्यानेच ते पाहत होते. आजोबा म्हणाले होते, "वहिनींच्या गिरणीसाठी तुमची सही लागते." साक्षीदाराची असेल असं मी धरून चालले. तिने मला, एका बी.ए. झालेल्या बाईला, चार लोकांसमोर वाचून दाखवायचं, हे मला सहन होणार नव्हतं. म्हणून मी गरज नाही म्हणाले आणि झोकात सही केली. न वाचता.

"फिटल्यावर हे मला का नाही दिलंत?"

"भाऊजी म्हनले, ठेवा तुमच्यापाशी. आन् ते गेल्यावर तेराव्याच्या दिवशी मी घेऊन आली व्हती. पदरात बांधून. तू काय म्हनली, आठव."

आठवत होतं. त्या दिवशी ती आजोबांच्या कपाटाकडे जाताना दिसली आणि मी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले होते, "त्यांच्या कागदांना आता कुणी हात लावायचा नाही. किल्ली माझ्याकडे आहे." ती जेवण करून गेली होती. मी त्यानंतर गावी गेले नाही, त्याचं कारण मी लोकांना गुडघे सांगत असे.

मी चहा घेतला. माफी मागायला हवी होती. तोंडातून निघाली नाही. तीच म्हणाली, "आता रडू नोको. कचेरीत मले यावं लागन का?"

यावं लागणार होतं. कर्ज तिचं होतं. बेबाकीचं पत्र मिळालं की सुटलो, असं त्या काळी सगळेच समजत. गहाण जसं नोंदवलं तसं सोडवल्याचंही नोंदवावं लागतं, हे ना आजोबांना माहीत होतं ना तिला.

दस्ताच्या दिवशी विद्यार्थ्याने गाडी पाठवली. ती जांभळी नऊवारी नेसून आली, पायांत नव्या चपला. कचेरीची जागा बदलली होती, तरी वरांड्यात खुर्ची एकच होती, आणि तिथल्या शिपायाने ती तिला दिली. नोंदणी करणारा कारकून तिच्याशी तेलुगूत बोलायला लागला, ती काहीतरी म्हणाली आणि तो खळखळून हसला. मला काही कळलं नाही. सत्तरी ओलांडल्यावरही मला ते पूर्वीसारखंच झोंबलं.

दस्त तेलुगूत होता. मी म्हणाले, "बाई, वाचून दाखवा."

"आता आहे का गरज?"

"आहे."

तिने चष्मा चढवला आणि ओळीवर बोट ठेवून मला मराठीत सांगायला लागली. पूर्वेला रस्ता. पश्चिमेला विहीर, ती आता बुजवली आहे. मधली जागा, वरचं बांधकाम, दार-खिडक्यांसकट, सगळं मोकळं केलं. माझं घर तिच्या तोंडून मी पहिल्यांदा नीट ऐकलं. मग सही केली. मंजुरी संपायला नऊ दिवस बाकी होते.

परतताना गाडीत मी तिला विचारलंच. तीस वर्षं मनात होतं.

"रविवारी ते तुमच्याकडे येत, तेव्हा इतकं काय बोलायचात?"

मला वाटलं, ती म्हणेल, तुझंच कौतुक करत. दुसरी कुणी असती तर तसं म्हणाली असती.

ती विचार करून म्हणाली, "पट्ट्याचं. पट्टा घसरे घडीघडी. आन् कापसाचं. दुसरं काय बोलतीन?"

खोटं बोलून मला बरं वाटावं असं तिने काही केलं नाही. मला त्या पट्ट्याचाही हेवा वाटला. माझ्याशी ते घराबद्दल, शाळेबद्दल, तुमच्या बाबांच्या शिक्षणाबद्दल बोलले, सगळं महत्त्वाचं. पट्टा घसरतो हे मात्र त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

घर आता माझ्या विद्यार्थ्याचं आहे. त्याने फाटकाला निळा रंग दिल्याचा फोटो पाठवला आहे. मी नागपूरला तळमजल्यावर राहते. गहाण सुटल्याचा दस्त माझ्या बाराव्या फाईलमध्ये आहे, आणि तिच्यावरचं नाव तेलुगूत आहे. ते मी जावेकडून एका चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि अक्षर बघून बघून उतरवलं. तिची गिरणी अजून चालते, पट्टा आता दुसरं कुणी ताणतं. ती आहे, मी आहे, आणि मला तिचा हेवा अजून वाटतो.